कोळंबीच्या खाद्यात फिश मीलऐवजी सोयापेंड : पोतं स्वस्त मिळेल, पण कोळंबी स्वस्तात वाढेल का?

रोहा : कोळंबी संवर्धनात निम्म्याहून अधिक खर्च एकट्या खाद्यावर होतो. त्यामुळे कुंडलिका आणि अंबा नद्यांच्या खाडीकाठी, खारजमिनीत तळी करणाऱ्यांसाठी खाद्यात नेमकं काय आहे, हा थेट खिशाचा प्रश्न आहे. फिश मील कमी करून सोयापेंड वाढवणं योग्यच आहे. मात्र त्याचा हिशेब पोत्याच्या किमतीवर नको, तळ्यातून निघणाऱ्या मालावर हवा.

फिश मील कमी का करायचं?

लहान मासळी शिजवून, दाबून, वाळवून केलेली भुकटी म्हणजे फिश मील. त्यात ६० ते ७० टक्के प्रथिनं असतात. पण पुरवठा समुद्राच्या भरवशावर. २०२३ मध्ये पेरूने अँचोवी मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला आणि जगभर फिश मील महागलं. शिवाय बारीक मासळी भुकटीत गेली की मोठ्या माशांचं खाणं कमी होतं. त्याचा फटका शेवटी कोळीवाड्यालाच बसतो.

मग अडचण काय?

सोयापेंडीत साधारण ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात, पण मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. पचनात अडथळा आणणारे घटक असतात, ते उष्णता देऊन कमी करावे लागतात. त्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो सोडवायला फायटेज एन्झाइम लागतं. मासळीचा वास नसल्याने कोळंबी खाद्याकडे कमी वळते. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं आणि अमोनिया वाढतो.

हे सगळं सुधारता येतं. भारतात २००९ पासून रुळलेली व्हॅनामेई ही टायगर कोळंबीपेक्षा वनस्पतीजन्य प्रथिनं चांगली पचवते. चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संस्थेने देशी घटकांपासून ‘व्हॅनामेई प्लस’ खाद्यही तयार केलं आहे.

हिशेब असा करा

समजा, ९० रुपये किलोचं खाद्य १,४०० किलो घातल्यावर एक टन कोळंबी मिळते. खर्च १ लाख २६ हजार. दुसरं खाद्य ८२ रुपये किलो, पण तेवढ्याच कोळंबीला १,६०० किलो लागतं. खर्च १ लाख ३१ हजार २०० रुपये. म्हणजे किलोमागे आठ रुपये वाचवून टनामागे ५,२०० रुपयांचा तोटा.

लातूरशी काय संबंध?

२०२१ मध्ये सोयाबीन भडकलं, तेव्हा केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली. २०२४ मध्ये उलट झालं. हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दर मिळाला. खाद्य उद्योगाने राज्यातल्या सोयाबीनची हंगामाआधीच करारावर खरेदी केली, तर मराठवाड्याला गिऱ्हाईक मिळेल आणि रायगडला स्थिर दर.

काय व्हायला हवं?

पोत्यावरचा प्रथिनांचा टक्का पुरेसा नाही. त्यातली किती मासळीची, किती वनस्पतीची आणि मेथिओनिन किती, हेही शेतकऱ्याला कळलं पाहिजे. मत्स्य विभागाने खाद्यावर अनुदान देण्याआधी पेण-रोह्याच्या तळ्यांत एक पूर्ण पीक चाचणी घ्यावी आणि आकडे मराठीत जाहीर करावेत. तोवर शेतकऱ्यांनी नवं खाद्य एकाच तळ्यात घालावं, रोज चेक ट्रे पाहावा आणि आठवड्याला वजन लिहून ठेवावं. प्रयोगाची जोखीम संपूर्ण पिकावर घेण्याचं कारण नाही.