ट्रेलरच्या चाकांना बॅलन्सिंग लागते का?

ट्रेलरच्या चाकांना बॅलन्सिंग लागते की नाही, हे मुख्यतः तो किती वेगाने धावतो यावर ठरते. कोणतेही चाक सगळीकडून सारख्या वजनाचे नसते. टायरमधल्या थरांचा जोड, रिमचे वेल्डिंग, व्हॉल्व्ह, पंक्चरचे ठिगळ, रिमोल्ड करताना एकीकडे जाड बसलेले रबर यांमुळे एक बाजू जड होते. चाक फिरताना ही जड बाजू बाहेर ओढ घेते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते.

मोठ्या ट्रेलरच्या चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरली आणि टायरच्या बाहेरच्या कडेला 200 ग्रॅम वजन जास्त असले, तर ताशी 20 किलोमीटरला ही ओढ सव्वा किलोच्या आसपास भरते. ताशी 80 ला ती 20 किलोंवर जाते आणि चाकाला सेकंदाला सुमारे सात हिसके बसतात.

गळीत हंगामात ऊस घेऊन कारखान्याकडे रांगत निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला म्हणूनच बॅलन्सिंगची गरज नसते. टायरच्या खाचांत अडकलेला चिखलच असमतोलाच्या वजनाहून जड असतो. तिथे टायरमधली हवा, बेअरिंगचे ग्रीस आणि चाकांचे आवळलेले नट यांकडे पाहणे जास्त मोलाचे.

उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन महामार्गावर तासन्‌तास धावणाऱ्या ट्रेलरची गोष्ट वेगळी. पुढच्या चाकांतला असमतोल स्टिअरिंगच्या थरथरीतून चालकाच्या हाताला कळतो. ट्रेलरचा मात्र केबिनपर्यंत फारसा पोहोचत नाही, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. हिसके मात्र बसतच राहतात. ते बेअरिंग आणि पाटे सोसतात आणि टायर लवकर झिजतो. ट्रेलर रिकामा परतताना चाके जास्त उडतात, कारण त्यांना दाबून धरणारा भार नसतो.

झीज तपासायला तळहात पुरतो. टायरवरून गोलाकार हात फिरवल्यावर ठरावीक अंतरावर खळगे लागले, तर असमतोल, ढिले बेअरिंग किंवा निकामी शॉक अॅब्सॉर्बर यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. एकाच कडेची झीज बहुधा अॅक्सल तिरका असल्याचे सांगते, तर दोन्ही कडांची झीज हवा कमी किंवा भार जास्त असल्याचे. हे दोष बॅलन्सिंगने जात नाहीत.

बॅलन्सिंग करताना चाक यंत्रावर अगदी मध्यावर बसले पाहिजे. काही ट्रेलरची चाके मधल्या भोकावर नव्हे, तर नटांच्या भोकांवर केंद्रित होतात. अशा चाकांसाठी यंत्राला वेगळा जोड लावावा लागतो, नाहीतर वजने चुकीच्या जागी बसतात. रुंद चाकात आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांना वजने लावावी लागतात. नवा किंवा रिमोल्ड टायर बसवताना, तसेच मोठे ठिगळ लावल्यावर हे काम करून घ्यावे. ट्रेलर गावातल्या गावात सावकाश फिरणार असेल, तर हा खर्च टाळला तरी चालतो. महामार्गावर रोज धावणार असेल, तर टाळू नये.