जागा कोणाची?

मराठीत ‘जागा’ हा शब्द दोन कामे करतो. बँकेत जागा निघाली म्हणजे नोकरी निघाली. डोंबिवलीत जागा घेतली म्हणजे घर घेतले. दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या समाजाने नोकरीला स्थळ असणारच हे गृहीत धरले होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे गृहीतक मोडले. त्यानंतर घर बरे की कार्यालय बरे, असा जो वाद सुरू झाला, तो आमच्या मते मुळातच चुकीच्या प्रश्नावर उभा आहे. कामाच्या जागेचा खर्च कोणी सोसायचा आणि ती जागा कोणी ठरवायची, हा खरा प्रश्न आहे.

या वादात दोन्हीकडे भाट आहेत. कार्यालयाचे भाट सहवासाची, संस्थेच्या संस्कृतीची, चहा पिता पिता सुचणाऱ्या कल्पनांची महती गातात. त्यांच्या युक्तिवादाची परीक्षा घेण्यासाठी फार लांब जायला नको. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी जेमतेम २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असले तरी पुरे. त्याच कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावले आणि २०२४ मध्ये पगारातला बदलता भाग हजेरीशी बांधला. सहवासाचे मोल साडेतीन वर्षांत एकाएकी वाढले, असे मानायला आम्ही तयार नाही. मधल्या काळात नोकरी सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांची लाट ओसरली होती. कर्मचाऱ्याला राखायचे होते तेव्हा घर चालत होते. तो कुठे जात नाही हे दिसल्यावर संस्कृती आठवली.

घराच्या भाटांची बाजू अधिक बळकट आहे हे मान्य करायला हवे. ‘ट्रिप डॉट कॉम’ या चिनी कंपनीतल्या १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत किंवा बढतीत घट दिसली नाही. नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटले. कसाऱ्याहून लोकलने येणाऱ्याला किंवा हिंजवडीच्या कोंडीत अडकणाऱ्याला हे सांगायला नियतकालिक लागत नाही. आमचा विरोध मिश्र पद्धतीला नाही. तिच्या आडून जी देवघेव गुपचूप उरकली गेली, तिला आहे.

ती देवघेव अशी. कार्यालयाची जागा, खुर्ची, दिवा, पंखा, पाणी ही मालकाची जबाबदारी होती. काम घरी आले तेव्हा हा खर्चही घरी आला. त्याचे भाडे मात्र बहुतेकांना कोणी दिले नाही. उलट कार्यालयात परतलेल्या अनेकांना तिथेही आपले टेबल सापडले नाही. ‘हॉट डेस्क’ नावाच्या व्यवस्थेत रोजची खुर्ची आदल्या दिवशी मोबाइलवर राखून ठेवायची आणि संध्याकाळी मागे काही न ठेवता उठायचे. खण नाही, मुलांचा फोटो नाही. आपल्या विनोदी वाङ्मयाने कारकुनाच्या मस्टरची, लेटमार्कची आणि साहेबाची भरपूर टिंगल केली. पण त्या कारकुनाचे टेबल त्याचे होते आणि संध्याकाळनंतर त्याच्या घरावर साहेबाचा हक्क नव्हता. या दोन गोष्टींची किंमत आम्हाला आज कळते आहे.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लिहू पाहणाऱ्या स्त्रीसाठी पैसा आणि स्वतःची खोली मागितली होती. आजची कंपनी पैसे देते आणि खोली काढून घेते. ज्या घरात दोनच खोल्या आहेत तिथे दार असलेली खोली कोणाच्या वाट्याला येते, हे वेगळे सांगायला नको. घरून काम आणि घरकाम या दोन शब्दांमधले अंतर पुरुषाला जेवढे दिसते तेवढे बाईच्या वाट्याला येत नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने दोन गोष्टी एकत्र आणल्या होत्या: ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती, आणि रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची मुभा. पण ज्या दिवशी आई घरून काम करते त्या दिवशी कार्यालयाजवळचे पाळणाघर तिच्या कामाचे राहत नाही. मुभा घेतली की हक्काचा उपयोग संपतो.

हे सारे नवे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सोलापुरात जावे. तिथली विडी कामगार स्त्री तेंदूपान आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणते, घरी विड्या वळते आणि मोजून परत देते. मजुरी हजारी दराने; बसायची जागा तिची, दिवा तिचा, पाने कमी पडली तर पदरमोडही तिचीच. निम्मे काम घरी आणि हिशेब कारखान्यात, ही मिश्र पद्धत तिने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी राबणाऱ्या या बाईलाही कामगार म्हटले. तेवढ्या शब्दासाठीही कायदा करावा लागला. तिचा आणि संगणकासमोर बसलेल्याचा पगार एका पारड्यात तोलायचा आमचा मुळीच हेतू नाही. पण काम विखुरले की खर्च विखुरतो, माणसे विखुरतात आणि एकत्र तक्रार करण्याची जागाही जाते, हा नियम दोघांनाही लागू आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. पोर्तुगालने २०२१ च्या कायद्याने दूरस्थ कामाचा वाढीव खर्च मालकावर टाकला आणि कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याला संपर्क करण्यास मनाई केली. आपल्याकडे अशी मागणी मोठ्या आवाजात ऐकू येत नाही. तिचा उच्चार करण्यात साहित्याच्या लोकांनी मागे का राहावे? आमच्या वर्गांत ‘अवकाश’ या संकल्पनेवर तास घेतले जातात, प्रबंध लिहिले जातात. परकीय सिद्धान्तकारांची नावे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. त्याच विद्यार्थ्याची ताई स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून कंपनीची बैठक उरकत असते. तिचा अवकाश कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

आधी तो ओटा पाहावा. मग त्याचे भाडे मागावे.