दगडखाणीत प्रत्येक ब्रासचा हिशेब, मग धुळीचा का नाही?

तुळजापूर तालुक्यात खाण म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती काळ्या दगडाची खाण आणि तिच्या शेजारचा खडी क्रशर. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा रेल्वेमार्ग, रस्ते, घरं अशा सगळ्याच कामांना खडी लागते. पण खडीसोबत धूळ आणि सुरुंगाचे हादरेही येतात. त्यांचा हिशेब कोण ठेवतं?

सरकार काय मोजतं?

दगड ब्रासमध्ये मोजला जातो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्यावर रॉयल्टी भरावी लागते, वाहतुकीचा पास 'महाखनिज' प्रणालीतून निघतो. बेकायदा उत्खनन केलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे महसूल बुडू नये, यासाठी पक्की यंत्रणा आहे.

पर्यावरणासाठी नियम नाहीत का?

आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात 5 हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. क्रशरपासून 40 मीटरवर हवेत त्याच्या धुळीची भर घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी हवी. सुरुंगामुळे घरांना बसणाऱ्या हादऱ्यांसाठीही सेकंदाला 5 ते 15 मिलिमीटर अशी मर्यादा आहे.

मग अडतं कुठे?

मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. पण पाण्याचा टँकर आला नाही म्हणून तुरीवर धूळ बसते, ती एका दुपारी. भिंतीला तडा जातो, तो क्षणात. सहा महिन्यांनी त्या दुपारचा पुरावा कुठून आणायचा?

मोठ्या खाण कंपन्या यासाठी प्रत्येक घटनेची नोंद ठेवतात. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वापरलेली स्फोटकं, तक्रार, कारण आणि उपाय. नुकसान थोडक्यात टळलं, तरी तेही लिहायचं. दर महिन्याला नोंदी एकत्र पाहिल्या की कारण सापडतं. दर वेळी टँकर बंद असतानाच तक्रार येत असेल, तर दुसऱ्या टँकरची सोय करायची. हे लहान खाणीतही साध्या वहीत जमू शकतं.

नोंदी वाढल्या तर खाण वाईट?

तसं नाही. सुरुवातीला आकडा वाढतोच, कारण आधी कोणी लिहीतच नव्हतं. 'शून्य घटना' दाखवणाऱ्याला शाबासकी मिळू लागली, तर घटना कमी होत नाहीत, लपवल्या जातात. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथला खाणीचा बांध 25 जानेवारी 2019 रोजी फुटला आणि 270 जणांचा जीव गेला. त्याच्या काही महिने आधीच तो स्थिर असल्याचं प्रमाणपत्र दिलं गेलं होतं. कागद चांगला असणं आणि खाण सुरक्षित असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गावकरी काय करू शकतात?

सहामाही अहवाल हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत. संबंधित प्राधिकरणाकडे अर्ज केल्यावर कोणालाही त्यांची प्रत मिळते. गावानेही तारीख-वेळेसह आपली नोंद ठेवली आणि फोटो जपून ठेवले, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहता येतात. 'नेहमीच धूळ असते' ही तक्रार बाजूला सारणं सोपं असतं. 'या तारखेला, दुपारी तीन ते पाच' असं लिहिलेल्या तक्रारीला मात्र उत्तर द्यावं लागतं.