*भात कापणी यंत्र गाडीवर चढवण्याआधी…*



हळवं भात कापणीला आलंय. हार्वेस्टर, मळणी यंत्र, पॉवर टिलर आता या गावातून त्या गावात फिरतील. आज खतावर किंवा कीडरोगावर नाही, या यंत्रांच्या वाहतुकीवर माझं मत लिहितोय. पटलं नाही तर ग्रुपवर जरूर सांगा.

आपण यंत्र झाकतो, पण नीट बांधत नाही. ताडपत्री नवी कोरी असते आणि खाली दोरी मात्र बैल बांधायची! गेल्या हंगामात नेरळ-कळंब रस्त्यावर एक ट्रॉली माझ्यापुढे चालली होती. खड्डा आला, ब्रेक लागला आणि मळणी यंत्र सरकून फळीवर आदळलं. नायलॉनची दोरी तुटली नव्हती, नुसती ताणली गेली होती. मागे दुचाकीवर मी होतो. यंत्र मागे आलं असतं तर आज हा मेसेज लिहायला मी नसतो.

हिशोब साधा आहे. जोरात ब्रेक लागला की यंत्र वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे ढकललं जातं, असं धरून बांधणी करतात. मागे आणि बाजूला ५० टक्के. म्हणजे ६०० किलोच्या मळणी यंत्राला पुढच्या बाजूने ४८० किलोचा आधार हवा. अडीच टनांच्या ट्रॅकवाल्या हार्वेस्टरला २ टनांचा! ओला झाला की नायलॉन आणखी ताणतो. परतीच्या पावसात त्याच्यावर विसंबू नका.

*माझ्या मते एवढं झाल्याशिवाय गाडी हलवू नये :*

1️⃣ आधी यंत्र धुवा. ट्रॅकच्या चिखलातून लव्हाळ्याच्या गाठी आणि टाकीतल्या दाण्यांतून दुसऱ्याचं वाण तुमच्या शेतात येतं. ज्यांचा बियाण्याचा प्लॉट आहे त्यांनी तर यंत्र आतून साफ झाल्याशिवाय बांधावर घेऊच नये. शिवाय चिखल लोखंडी फळीवर साबणासारखा घसरतो.

2️⃣ खाली लाकडी फळ्या किंवा जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे टाका. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा.

3️⃣ कापणीचा पुढचा भाग खाली टेकवा, गिअर आणि हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, बॅटरीची तार काढा.

4️⃣ चार कोपऱ्यांना चार वेगवेगळ्या साखळ्या किंवा रॅचेट पट्टे लावा. एकच लांब दोरी फिरवली तर एका जागी सुटली की सगळीच सैल होते. पट्ट्यावर किती वजन पेलतो ते छापलेलं असतं. ते लेबल फाटलं असेल तर पट्टा बाद समजा. धारदार कडेवर गोणपाटाची घडी घाला. साखळी चेसिसला अडकवा, पत्र्याला किंवा हायड्रॉलिक पाइपला नको.

5️⃣ ताडपत्री सगळ्यात शेवटी. सायलेन्सरचं तोंड बांधा, नाहीतर पाऊस इंजिनात उतरतो. इंजिन चालू करण्याआधी ते सोडायला मात्र विसरू नका.

6️⃣ चार-पाच किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या हादऱ्यांतच ते ढिले पडतात.

यंत्रावर किंवा ट्रॉलीत माणसं बसवू नका. माल गाडीच्या मर्यादेबाहेर आला तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा. निघण्याआधी उंची मोजा. पाड्याच्या वाटेवर विजेच्या तारा खाली लोंबतात.

काही सभासद म्हणतील, “दोन किलोमीटरसाठी एवढं कशाला?” मला वाटतं, घात होतो तो याच दोन किलोमीटरमध्ये. लांब जाणारा ड्रायव्हर सराईत असतो. गावातल्या गावात यंत्र हलवणारा मात्र आपला पोरगा असतो.

म्हणून माझी सूचना : कंपनीने अवजार बँकेसाठी साखळ्या, रॅचेट पट्टे आणि ओंडके यांचा एक संच घ्यावा आणि त्याशिवाय एकही यंत्र आवाराबाहेर सोडू नये. बाहेरच्या हार्वेस्टरवाल्याला बुकिंग देताना आपण दर विचारतो, तसं “बांधायला काय आहे?” हेही विचारावं. एकेकट्याला संच परवडणार नाही, सगळ्यांनी मिळून घेतला तर सहज परवडेल. त्यासाठीच तर आपण कंपनी काढली ना?

येत्या मासिक बैठकीत हा विषय मांडणार आहे. हो की नाही, ते ग्रुपवर कळवा.

– तुमचा कृषी सल्लागार, पोशीर 🌾