घरकुलाआधी जागेचे बोला

रमाई आवासची यादी लागली की वस्तीत एकच चर्चा : नाव आले का, हप्ता कधी पडणार? 269 चौरस फुटांचे ते घर कोणत्या जमिनीवर उभे राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही. जागा आधीच दुसऱ्याने ठरवलेली असते. आम्ही म्हणतो, भांडण तिथूनच सुरू झाले पाहिजे.

वऱ्हाडात गाव पांढरीवर वसले आणि शेती काळीत राहिली. महारवाडा गावकुसाबाहेर, बहुधा पूर्वेला. का? पश्चिमेचा वारा आपल्या अंगावरून गावात जाऊ नये म्हणून! एवढा बारीक विचार करून जातीने आपली जागा ठरवली.

बाबासाहेबांना हे नेमके दिसले होते. जुलै 1942 च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र गावांचा ठराव झाला. 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यासाठी वसाहत आयोग आणि लागवडीयोग्य सरकारी पडीक जमीन मागितली. नुसते छप्पर नाही, पोटापाण्यासकट जागा. आज आपण ती मागणी घरकुलाच्या हप्त्यावर आणून ठेवली आहे.

आता अचलपूरचे बघा. सापन आणि बिच्छन या दोन नद्या, वर सातपुडा. डोंगरात पाऊस कोसळला की खाली पाणी चढते. नदीनाल्याकाठची जागा स्वस्त असते, म्हणून गरिबाच्या वाट्याला येते. वस्तीला भीमनगर नाव दिले म्हणून नाला आटत नाही. काळ्या मातीचे वेगळेच : पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे जातात. पाया खोल घ्यावा तर अनुदान जमिनीतच जिरते. आणि काम परतवाड्याच्या बाजारात असेल, वस्ती दूर माळावर, तर रोजच्या मजुरीतून ऑटोचे भाडे जाणार.

म्हणून तीन कागद मागा : पूररेषेचा नकाशा, मंजूर विकास आराखडा, त्या सर्व्हे नंबरचा सातबारा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत घर नकोच. प्रारूप आराखड्यावर हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत आपले पोरगे मिरवणुकीच्या वर्गणीत गुंतलेले असते, हेही बोलले पाहिजे.

आणि अधिकारी मे महिन्यात जागा दाखवायला नेतील, तेव्हा तिथल्या तिथे सही करू नका. तीच जागा ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, वस्तीतल्या बायांना घेऊन पाहून या.