एक नाव, अनेक जणी

मध्ययुगीन युरोपातील वीरकथांचा विषय निघाला की एक शेरा हमखास कानी पडतो, आणि तो बहुधा हसत हसत मारला जातो: "या मंडळींना बायकांसाठी दुसरी नावे सुचतच नव्हती का?" ट्रिस्टनच्या कथेत तीन इझोल्दा. आर्थर राजाच्या कथाचक्रात एक खरी ग्विनिव्हिअर आणि एक तोतया. सर टॉमस मॅलरीच्या ग्रंथात तर मोजून पाच एलेन. वाचक गोंधळतो, शिकवणारा वैतागतो आणि आधुनिक रूपांतरकार कात्री घेऊन बसतो. दोघींची एक करा, तिसरीला वगळा, कथा कशी आटोपशीर होईल! या आटोपशीरपणाविषयी आमची तक्रार आहे. नामसाम्य हा या कथांमधला गाळ आहे असे समजून तो उपसून टाकणारे हात गाळाबरोबर कथेचा तळही उपसून टाकतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडू. त्याचा पहिला मुद्दा उगमाचा आहे. या कथा अनेक भाषांतून, अनेक हातांतून फिरल्या. मॅलरीने आपला ग्रंथ फ्रेंच आणि इंग्रजी साधनांवरून सिद्ध केला आणि विल्यम कॅक्स्टनने तो १४८५ साली छापला. एवढ्या प्रवासात नावे एकमेकांत मिसळणारच. वेल्श त्रयींमध्ये आर्थरच्या तीन थोर राण्यांची यादी येते. तिघींचेही नाव ग्वेनह्वीफार असेच आहे, फक्त वडिलांची नावे निराळी. अशा ठिकाणी परंपरेतच काही सरमिसळ झाली असावी, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु एखादी गोष्ट कथेत कशी शिरली हा एक प्रश्न आणि शिरल्यावर ती तेथे काय करते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा निकालात काढता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या वाचकाने तरी ही सबब पुढे करू नये. महाभारतात वासुदेव कृष्ण, व्यास कृष्ण, अर्जुन कृष्ण आणि द्रौपदी कृष्णा. तेथे आपण गोंधळत तर नाहीच, उलट त्या नामसाम्यावर पानेच्या पाने निरूपण करतो. मग तीन इझोल्दा दिसताच आपला संयम का सुटतो?

आता इझोल्देकडे वळू, कारण या वादाचा निकाल तिच्याच कथेत लागतो.

गॉटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्गने १२१० च्या सुमारास लिहिलेल्या जर्मन काव्यात पहिली इझोल्द ही आयर्लंडची राणी आहे. विषारी जखम झालेला ट्रिस्टन वेश पालटून तिच्याकडे येतो. स्वतःच्याच नावातील अवयव उलटे करून तो 'टँट्रिस' हे नाव घेतो, आणि आपल्या भावाला मारणारा हाच, हे ठाऊक नसलेली राणी त्याला बरे करते. दुसरी इझोल्द ही तिची मुलगी. तिचा विवाह कॉर्नवॉलच्या मार्क राजाशी ठरतो, नवदांपत्यासाठी आई प्रेमरस सिद्ध करते आणि तो चुकून ट्रिस्टन व ही मुलगी पितात. तिसरी इझोल्द ब्रिटनीची, 'गोऱ्या हातांची' म्हणून ओळखली जाणारी. राणीपासून दुरावलेला ट्रिस्टन तिला भेटतो आणि नावाशी येऊन अडखळतो. हे नाव उच्चारताना आपण कोणाला हाक मारतो आहोत, हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. गॉटफ्रीडचे काव्य अपूर्ण राहिले आहे, आणि ते थांबते ते नेमके याच घालमेलीत.

गॉटफ्रीडने ज्याचा आधार घेतला त्या टॉमसच्या बाराव्या शतकातील काव्याचे तुकडेच आज उपलब्ध आहेत, पण पुढचा भाग त्यांतून कळतो. ट्रिस्टन या दुसऱ्या इझोल्देशी लग्न करतो, आणि का करतो हे टॉमस आडपडदा न ठेवता सांगतो: तिच्या रूपासाठी आणि तिच्या नावासाठी. नाव तेच नसते तर त्याने लग्न केले नसते. पहिल्या रात्री अंगरखा काढताना राणीने दिलेली अंगठी त्याच्या बोटातून गळून पडते आणि तो भानावर येतो. जुन्या दुखण्याची सबब सांगून तो पत्नीपासून दूर राहतो. पुढे एकदा ती भावाबरोबर घोड्यावरून जात असता घोड्याचा पाय डबक्यात पडतो, पाणी तिच्या मांडीवर उडते आणि ती हसते. भाऊ कारण विचारतो. हे पाणी माझ्या नवऱ्याहून धीट निघाले, अशा आशयाचे उत्तर ती देते. मध्ययुगीन साहित्यातील इतके कडू हसू आमच्या तरी वाचनात फारसे आलेले नाही.

येथे प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा पुढे येतो, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. स्त्रीवादी भूमिकेतून काही अभ्यासक म्हणतात की एकच नाव अनेक स्त्रियांना देणे ही या कवींची स्त्रीविषयक दृष्टीच आहे. त्यांच्या लेखी एक बाई दुसरीच्या जागी सहज बसते. या मांडणीमागचा संताप आम्हांला परका नाही. जेथे लग्नात तांदळावर नवे नाव लिहून मुलीचे जुने नाव पुसण्याची रीत चालत आली, त्या समाजातून आम्ही आलो आहोत. तरीही हा आरोप येथे चुकीच्या माणसावर होतो आहे. एक इझोल्द दुसरीच्या जागी बसेल असे कवीला वाटत नाही, ते ट्रिस्टनला वाटते. कवी त्याची ही समजूत तपासायला घेतो आणि तिला पुरी खोटी ठरवतो. अंगठी गळते ती यासाठीच, आणि डबक्यातले पाणी उडते तेही यासाठीच.

शेवट पाहिला की शंकेला जागा राहत नाही. ट्रिस्टनकडे एक सरदार मदत मागायला येतो. त्याचे नावही ट्रिस्टन! ओळखीसाठी त्याला 'बुटका ट्रिस्टन' म्हणतात. त्याची प्रिया पळवली गेली आहे. नायक उद्यावर ढकलू पाहतो तेव्हा हा नामबंधू त्याला सुनावतो की, तू तो प्रेमी ट्रिस्टन नव्हेसच. तो असता तर त्याला माझे दुःख कळले असते. दोघे लढायला जातात, बुटका ट्रिस्टन मरतो आणि नायकाला विषारी भाल्याची जखम होते. ती बरी करू शकेल अशी एकच, राणी इझोल्द. तिला आणायला जहाज जाते. ती आली तर पांढरे शीड, नाही तर काळे, असा संकेत ठरतो. भिंतीआडून पत्नी हे सारे ऐकते. जहाज पांढरे शीड लावून येते, आणि ती सांगते की शीड काळे आहे. ट्रिस्टन प्राण सोडतो.

टॉमस येथे स्त्रीच्या क्रोधाला भ्यावे असा उपदेश करून घेतो. परंतु त्या क्रोधाची सर्व कारणे त्याने स्वतःच आपल्यापुढे मांडलेली आहेत. ज्याने एका स्त्रीला केवळ नावापुरती बायको केली, तो तिच्या एका शब्दाने मरतो. हा न्याय कळायला दोन इझोल्दा लागतातच. रिचर्ड वॅग्नरच्या १८६५ साली म्युनिकमध्ये प्रथम सादर झालेल्या संगीतिकेत गोऱ्या हातांची इझोल्द नाही. तिच्याबरोबर शिडाचे असत्यही गेले आणि ट्रिस्टनचा अपराधही गेला. संगीताची थोरवी वादातीत आहे. आम्ही एवढेच म्हणतो की तेथे प्रेमाची किंमत फक्त प्रेमिकच मोजतात. जुन्या कथेत ती किंमत एका तिसऱ्या व्यक्तीकडून वसूल केली जाते, आणि ती व्यक्ती हिशेब मागते.

आता एलेन. मॅलरीच्या ग्रंथातील दोन एलेन लान्सलॉटच्या आयुष्यात येतात. पहिली पेलेस राजाची मुलगी. भाकित खरे व्हावे म्हणून घरची माणसे तिला पुढे करतात. डेम ब्रिसेन मायाजाल रचते आणि ही ग्विनिव्हिअरच आहे असे समजून लान्सलॉट तिच्याजवळ येतो. त्यातून गॅलहॅड जन्मतो. सत्य कळताच लान्सलॉट तिच्यावर तलवार उपसतो. दुसरी अस्टोलाटची. तिने दिलेली तांबडी बाही तो स्पर्धेत शिरस्त्राणावर लावतो; आजवर त्याने कोणत्याही स्त्रीची खूण मिरवलेली नसते, त्यामुळे आपण ओळखले जाणार नाही हा त्याचा हिशेब. तो जखमी होतो, ती शुश्रूषा करते, आणि मग सरळ विचारते: मला पत्नी कर, नाही तर प्रेयसी तरी. तो नकार देतो आणि वर्षाला एक हजार पौंड देऊ करतो. ती ते पैसे घेत नाही. मरताना पत्र लिहवते, आणि तिचे शव नावेतून वेस्टमिन्स्टरला पोहोचते.

टी. एच. व्हाइटने १९४० सालच्या कादंबरीत या दोघींची एक केली. कादंबरीकाराची काटकसर आम्ही समजू शकतो, आणि व्हाइटला त्याच्या एलेनची कणव नाही असेही नाही. पण हिशेब काय झाला ते पाहा. एक एलेन लान्सलॉटच्या संमतीवाचून त्याला मिळवते, दुसरी त्याची संमती मागते आणि न मिळाल्यावर कसलेही कपट करत नाही. एकीपुढे लान्सलॉट फसवला गेलेला पुरुष आहे, दुसरीपुढे तो मोकळेपणाने नकार देणारा पुरुष आहे. प्रेम मनातून उमलावे लागते, ते बळाने लादता येत नाही, असे तो आर्थरपुढे सांगतो तेव्हा त्या बोलण्यामागे पहिल्या एलेनचा अनुभव उभा असतो. दोघींची एक केली की फसवणारी आणि विचारणारी यांच्यातला नैतिक भेद मावळतो. उरते ती फक्त पुरुषामागे लागलेली, कीव करण्याजोगी बाई.

आणखी एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. तेराव्या शतकातील ज्या फ्रेंच गद्यकथेत ही नावेतली मुलगी येते, तेथे तिला नावच नाही. ती नुसती 'एस्कालोची कुमारी' आहे. मॅलरीच्या पानावर तिला नाव मिळते, आणि ते गॅलहॅडच्या आईचेच. नावे सुचत नव्हती म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. अनाम ठेवण्याची सोय उपलब्ध असताना दिलेले नाव वाचकाला मागे वळून पाहायला लावते.

मॅलरीची सर्वांत उपेक्षित एलेन सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पेलिनोर राजा कामगिरीवर निघालेला असताना झऱ्याकाठी एक स्त्री जखमी सरदाराला घेऊन बसलेली दिसते. ती मदतीसाठी आक्रोश करते. राजाला घाई असते, तो थांबत नाही. सरदार मरतो, ती त्याच्याच तलवारीने जीव देते. परतताना राजाला तिचे शिर तेवढे सापडते. बाकीचे सिंहांनी खाल्लेले असते. दरबारात मर्लिन सांगतो, ती तुझीच मुलगी एलेन. येथे नाव मृत्यूनंतर येते, आणि बापाला दिलेल्या शिक्षेसारखे येते. पुढच्या दोन एलेन याच्यानंतर वाचायच्या आहेत. पुरुष आपल्या कामाच्या घाईत कोणाला ओलांडून जातो, हा प्रश्न या नावाला तेव्हाच चिकटलेला असतो.

आणि ग्विनिव्हिअर? फ्रेंच गद्य 'लान्सलॉट'मध्ये राणीची अनौरस सावत्र बहीण, त्याच नावाची आणि तशाच रूपाची, आपणच खरी राणी असल्याचा दावा करते. आर्थर तो मानतो. खऱ्या राणीसाठी लान्सलॉटला लढावे लागते, तिला दूर देशी आसरा घ्यावा लागतो, आणि तोतया आजारी पडून कबुली देईपर्यंत राजाचे डोळे उघडत नाहीत. औषधाचा अंमल वगैरे सबबी कथा पुरवते. पण इतक्या वर्षांच्या सहवासानंतर नवऱ्याने बायकोला नाव आणि रूप यांपलीकडे किती ओळखले होते, हा प्रश्न त्या सबबींनी बुजत नाही.

तिन्ही कथांत चूक करणारा पुरुष एकच चूक करतो: नावापाशी थांबतो. आज दोन एलेनची एक करणारा रूपांतरकार आणि "सगळ्या सारख्याच" म्हणून पान उलटणारा वाचक तीच चूक करतात, फक्त त्यांना शिडाचा रंग सांगायला कोणी नसते. तेव्हा आमचा आग्रह साधा आहे. या कथा शिकवताना, सांगताना, मराठीत आणताना विशेषणे गाळू नका. आयर्लंडची, ब्रिटनीची, अस्टोलाटची, पेलेसची, पेलिनोरची, असे दर वेळी पुरते म्हणा. वाक्य लांबेल, वाचक दोनदा मागे जाऊन पाहील. त्याने पाहावेच, गोऱ्या हातांच्या इझोल्देकडे तेवढेसुद्धा वळून पाहायला तिच्या नवऱ्याला जमले नव्हते.