पक्षाघाताच्या रुग्णांचीही ‘संभाषा’ व्हावी

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे महत्त्व विस्ताराने सांगितले आहे. एकाच विद्येच्या जाणकारांनी परस्परांशी बोलावे. त्यायोगे ज्ञान वाढते, संशय फिटतात, असा त्याचा आशय. आपल्या सभा व चर्चासत्रे याच परंपरेतील होत. अशीच संभाषा पक्षाघाताचे रुग्ण व त्यांची शुश्रूषा करणारे कुटुंबीय यांच्यासाठीही घडवून आणावी, आणि तिची जागा आपली चिकित्सालये व औषधालये असावीत, हे सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तोंड अकस्मात वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, वाचा अडखळणे यांपैकी काहीही दिसताच रुग्णाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ धाडणे हे आपले पहिले कर्तव्य होय. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्याकडे रुग्ण बहुधा येतो तो त्यानंतर, रुग्णालयातून घरी परतल्यावर. रक्तदाबाची व इतर आवश्यक औषधे चालूच असतात आणि ती चालू ठेवूनच स्नेहन, स्वेदन, बस्ती यांची योजना करावयाची असते.

या टप्प्यावर प्राणावरचे संकट टळलेले असते. परंतु घराची परीक्षा सुरू होते ती इथूनच. आपण रुग्णाला अर्धा-पाऊण तास पाहतो. उरलेल्या वेळात त्याला कुशीवर वळविणे, शौचास नेणे, घास भरविणे हे सारे बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर येते. आणि ती व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी, सून वा मुलगी असते. औषधालय चालविणाऱ्यांना हे विशेष ठाऊक असेल. महानारायण तेलाची बाटली नेण्यास पहिल्या महिन्यात मुलगा, जावई, शेजारी असे कोणीही येते. सहाव्या महिन्यात एकटी पत्नीच येते, आणि तीही घाईत, कारण घरी रुग्णाजवळ कोणी नसते.

चिकित्सेच्या चार पादांत चरकाचार्यांनी वैद्य व औषध यांच्या जोडीला उपस्थाता व रोगी यांना स्थान दिले. शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे उपस्थात्याचे चार गुण. यांपैकी अनुराग आमच्या घरांतून उणा नाही. परंतु ज्ञान कोठून यावे? आणि रात्रीची झोप नसताना दक्षता किती काळ टिकावी? स्वतःच्या रक्तदाबाची गोळी घ्यावयास विसरणारी उपस्थाती ही उद्याची रुग्ण आहे, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

रोग्याच्या गुणांत अभीरुत्व, म्हणजे न घाबरणे, सांगितले आहे. पक्षाघातातून वाचलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य ग्रासते. घरचे त्यास आळस वा हट्ट समजतात. कधी ताटाच्या डाव्या बाजूचे अन्न तसेच राहते, कारण मेंदूला ती बाजू जाणवतच नाही. आणि घरात त्यावरून कलह होतो. असे नैराश्य व असा दोष ओळखणे हे वैद्याचे काम आहे आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे धाडणेही. परंतु ‘आमच्या घरीही असेच होत होते’ हे वाक्य वैद्य उच्चारू शकत नाही. ते दुसऱ्या रुग्णाच्या पत्नीनेच उच्चारावे लागते.

घरच्यांना सर्व शिकवून निरोप दिला म्हणजे काम झाले, असेही मानता येत नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांचा ‘अटेंड’ हा अभ्यास सन २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुटुंबीयांना पुनर्वसनाचे शिक्षण देऊन घरी ते काम त्यांच्यावर सोपविले होते. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शुश्रूषा व्यर्थ आहे असा याचा अर्थ नव्हे. मात्र सर्व भार घरावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही, एवढा बोध निश्चित घ्यावा. संभाषेने लुळा हात उठेल, असाही आमचा दावा नाही. तिने एकटेपण हटते, आणि अनुभवाचे ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसे इतरांना हात देतात आणि रुग्णांच्या पत्नींना एकमेकींशी बोलण्यास स्वतंत्र जागा मिळते. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण व शुभंकर एकत्र येतात. पक्षाघाताच्या घरांना असा आधार गावोगावी मिळावयास हवा.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. महिन्यातून एका ठरलेल्या वारी, तळमजल्यावरील खोलीत, दोन तास आठ-दहा कुटुंबे जमावीत. पहिली पंधरा मिनिटे वैद्याने एखादा विषय सांगावा: लुळा हात ओढून रुग्णाला उठवू नये, कारण खांदा निखळतो, बधिर अंगाला चटका कळत नाही, म्हणून शेकाची उष्णता आधी स्वतःच्या हातावर पाहावी, पाणी पिताना ठसका लागत असेल तर आडवे असता काहीही पाजू नये. पुढे वैद्याने ऐकावे. शौचकूपाला आधाराची दांडी कशी बसविली, उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने जेवू लागल्यावर पंगतीतला संकोच कसा गेला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील प्रमाणपत्रासाठी कोठे जावे लागले, हे ज्यांनी केले त्यांनीच सांगावे. वाचा गेलेल्यांना खुणेने वा चित्राने सांगण्यास वेळ द्यावा. त्यांचे वाक्य इतरांनी पुरे करू नये. शुश्रूषा करणाऱ्यांची अर्धा तास वेगळी बैठक असावी. रुग्णासमोर त्यांना रडता येत नाही.

काही मर्यादा मात्र कटाक्षाने पाळाव्यात. या सभेत औषधाची विक्री वा जाहिरात नसावी. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे, हे आमच्या औषधालय-चालक मित्रांना सांगावयास नकोच. एकाचा काढा दुसऱ्याने घेऊ नये आणि कोणाच्याही सांगण्यावरून चालू औषध बंद करू नये, हे प्रत्येक वेळी उच्चारावे.

रुग्ण एकत्र आले की चिकित्सेची व शुल्काची तुलना करतील, अशी शंका काहींनी आमच्याजवळ बोलून दाखविली. ती ते आजही करतात, आपल्या पश्चात. गंभीर रुग्ण पाहून नवा रुग्ण खचेल, ही शंका अधिक विचारणीय आहे. म्हणून पहिल्या भेटीत नव्या कुटुंबाला अशा कुटुंबाशेजारी बसवावे, ज्याची अवस्था वर्षापूर्वी तशीच होती आणि जे आता सावरले आहे. पूर्ण बरे झालेलेच तेथे असावेत असे नाही. काठी टेकीत येणारा मनुष्यही पुष्कळ धीर देतो.

चरकाचार्यांनी संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले. आम्हांस अभिप्रेत आहे ती संधाय, मैत्रीची संभाषा. येत्या २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन आहे. त्या दिवशी भाषणांचा कार्यक्रम करण्याऐवजी आपल्या शाखांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी दहा खुर्च्या मांडून अशी पहिली बैठक घ्यावी आणि तिचा अनुभव पुढील अंकासाठी लिहून पाठवावा, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधालय-चालकांना आमची नम्र विनंती आहे.